डबी परत का येत नाही?

२०१४ च्या सुमारास इंग्लंडमधल्या सरकारी आरोग्ययंत्रणेने सुमारे ५८ हजार प्रौढांना पत्रं पाठवली. नेहमीच्या अँटिबायोटिक्सना दाद न देणारे काही जिवाणू धडधाकट माणसांच्या आतड्यात कितपत मुक्कामाला आहेत, याचा त्यांना अंदाज घ्यायचा होता. मागणी एवढीच की एक प्रश्नावली भरा आणि शौचाचा छोटासा नमुना पाठवून द्या. शंभरातल्या पाच जणांनीही तो पाठवला नाही.

खरं तर यात सुई टोचून घ्यायची नव्हती, उपाशीपोटी जायचं नव्हतं. रोज सकाळी आपण ज्यावर पाणी ओतून मोकळे होतो, त्यातलंच चमचाभर द्यायचं होतं. तरी ते देणं लोकांना रक्त देण्यापेक्षा जड गेलं. ‘किळस येते, दुसरं काय!’ असं म्हणून हा विषय तिथेच मिटवता येतो. किळस आहेच. पण लोकांना समोर बसवून, सवड देऊन विचारलं तेव्हा पुढे आलेली कारणं बरीच वेगळी होती. त्यातली पुष्कळशी दूर करता येण्याजोगी आहेत, आणि ती दूर करायची जबाबदारी नमुना मागणाऱ्यावर आहे, असं माझं मत आहे.

पण संशोधकांना ते हवंच कशाला?

मलाचा साधारण तीन चतुर्थांश भाग पाणी असतो. उरलेल्या कोरड्या भागात न पचलेला चोथा, आतड्याच्या अस्तराच्या झडलेल्या पेशी, थोडी चरबी असं काय काय असतं, आणि त्यातला पाव ते निम्मा वाटा निव्वळ जिवाणूंचा असतो. इस्रायलच्या वाइझमन इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांनी २०१६ मध्ये नीट हिशेब मांडला, तेव्हा माणसाच्या अंगात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू आणि त्याच्या स्वतःच्या सुमारे ३० लाख कोटी पेशी असं उत्तर आलं. त्याआधी वर्षानुवर्षं ‘जिवाणू पेशींच्या दहापट’ असं छापलं जायचं. व्हॉट्सअ‍ॅपवर ते अजूनही फिरतंय.

यातले बहुतेक जिवाणू मोठ्या आतड्यात राहतात. खाल्लेल्या भाजी-भाकरीतले जे तंतू आपल्याला पचत नाहीत, ते आंबवून हे जिवाणू ब्युटिरेटसारखी आम्लं तयार करतात. मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी मुख्यतः त्याच इंधनावर चालतात. इथे काय चाललंय ते पाहायचे मार्ग मोजकेच आहेत. कोलोनोस्कोपीची दुर्बीण आत घालायची तर आधी जुलाबाचं औषध देऊन आतडं धुऊन काढावं लागतं, म्हणजे जे पाहायचं तेच बरंचसं वाहून जातं. रक्तात या जिवाणूंचा हिशेब लागत नाही. उरतो तो शौचाचा नमुना. त्यातल्या जिवाणूंच्या डीएनएचा एक ठरावीक तुकडा वाचला की आत कोण कोण आहे याची यादी मिळते. सगळाच डीएनए वाचला, तर त्यांच्या अंगात काय काय करण्याची क्षमता आहे तेही कळतं.

वैद्यकाचा इतिहास पाहिला तर या घाणेरड्या मानलेल्या पदार्थाने आपल्याला पुष्कळ काही दिलं आहे. ज्याच्या नावाने ई. कोलाय ओळखला जातो, त्या थिओडोर एशरिशने तो जिवाणू १८८५ मध्ये तान्ह्या मुलांच्या शौचातून वेगळा केला. त्याहून जवळचं उदाहरण म्हणजे रोटाव्हायरस या विषाणूच्या जुलाबांपासून वाचवायला आपल्या बाळांना तोंडावाटे दिली जाणारी रोटाव्हॅक ही लस. तिच्यातला ‘११६ ई’ हा विषाणू १९८० च्या दशकात दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. महाराज किशन भान आणि त्यांच्या सहकाऱ्यांना नवजात बाळांच्या शौचात सापडला. बाळांना संसर्ग झाला होता, पण जुलाब झाले नव्हते. त्या विषाणूवर पुढे लस उभी राहिली. तिच्या मोठ्या चाचणीत दिल्ली, पुणे आणि वेल्लोर मिळून ६,७९९ बाळं होती आणि पुण्यातलं काम केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राकडे होतं. बाळाला जुलाब झाले की ते रोटाव्हायरसचेच का, हे ठरवायला प्रत्येक वेळी त्याच्या शौचाचा नमुना लागायचा. पहिल्या वर्षात रोटाव्हायरसच्या गंभीर जुलाबांपासून सुमारे ५६ टक्के संरक्षण मिळतं, हा आकडा आयांनी लंगोटातून काढून दिलेल्या त्या नमुन्यांवरून निघाला. २०१६ पासून ही लस सरकारी लसीकरणात येऊ लागली.

नमुना मागितल्यावर माणसाच्या मनात काय येतं

त्याच २०१४ साली इंग्लंडमध्ये, डॉक्टरांनी शौचाचा नमुना आणायला सांगितलेल्या रुग्णांच्या सविस्तर मुलाखतींवर आधारलेला एक अभ्यास ब्रिटिश जर्नल ऑफ जनरल प्रॅक्टिसमध्ये आला. त्यात पुढे आलेल्या अडचणी अशा: लाज, अहवालात काय निघेल याची भीती, हाताला किंवा घरात कुठे लागेल ही धास्ती, कुणी पाहील ही काळजी, आणि मुळात हे करायचं कसं याची माहितीच नसणं.

यातली शेवटची अडचण मला सगळ्यांत बोलकी वाटते. डॉक्टर ‘स्टूल टेस्ट करून घ्या’ म्हणतात आणि पुढच्या पेशंटला आत बोलावतात. डबी हातात येते. किती घ्यायचं? पूर्ण भरायची की तळापुरती? भांड्यातल्या पाण्यात पडलेलं चालतं का? लघवी मिसळली तर? आज सकाळी झाली नाही, मग संध्याकाळची चालेल का? रात्रभर ठेवायची तर कुठे? हे प्रश्न कुणाला विचारायचे? रक्त काढणारा माणूस सगळं स्वतः करतो, आपण फक्त हात पुढे करतो. इथे मात्र सगळी प्रक्रिया पेशंटने एकट्याने, दार लावून, बिनसरावाची पार पाडायची असते आणि चूक झाली तर ‘परत आणा’ असं सर्वांदेखत ऐकून घ्यायचं असतं.

कुठल्याही तालुक्याच्या गावातल्या लॅबमध्ये सकाळी आठला जाऊन बघा. रक्तवाले बाही वर करून निवांत बसलेले असतात. शौचाचा नमुना आणलेला माणूस चटकन ओळखू येतो. डबी वर्तमानपत्रात, ते वर्तमानपत्र काळ्या पिशवीत, ती पिशवी कापडी पिशवीत. काउंटरपाशी तो शक्य तितक्या हळू म्हणतो, ‘हे... तपासायला आणलंय.’ आणि पलीकडून खणखणीत आवाजात प्रश्न येतो, ‘स्टूल का? डबीवर नाव घातलंय? किती वाजताची आहे?’ बाकावरची सगळी डोकी वळतात. या माणसाने पुढच्या वेळी टाळाटाळ केली तर मी त्याला अडाणी म्हणणार नाही.

केवळ किळस हेच कारण असतं, तर पद्धत बदलून फरक पडला नसता. तो पडला, याचा मोठ्या प्रमाणावरचा पुरावा आहे. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची लवकर चाहूल लागावी म्हणून ब्रिटनमध्ये ठरावीक वयाच्या लोकांना घरपोच चाचणीचं पाकीट पाठवतात. जुन्या चाचणीत तीन वेगवेगळ्या वेळच्या शौचातून प्रत्येकी दोन, म्हणजे सहा नमुने कार्डावर लावावे लागत. नव्या चाचणीत छोट्या बाटलीच्या झाकणाला जोडलेली काडी एकदाच शौचावर फिरवायची, परत बाटलीत घालायची आणि टपालाने पाठवायची. इंग्लंडमध्ये आधी हजारो लोकांवर ती करून पाहिली, तेव्हा प्रतिसाद ५९ टक्क्यांवरून ६६ टक्क्यांवर गेला. माणसं तशीच होती, त्यांची किळसही तशीच. फक्त खटाटोप कमी झाला. २०१९ मध्ये तिथे नवी चाचणी सर्वत्र लागू झाली.

किळस कुठून येते

तरीही किळस बाजूला सारता येत नाही. पॉल रोझिन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९८६ मध्ये आपल्या सहकाऱ्यांबरोबर केलेल्या प्रयोगात लोकांना चॉकलेटची मिठाई दिली. एक तुकडा साध्या आकाराचा, दुसरा कुत्र्याच्या विष्ठेच्या आकाराचा. मिठाई एकाच लगद्याची आहे हे लोकांना माहीत होतं, तरी दुसऱ्या तुकड्याला तोंड लावायला ते कचरत होते. किळस तर्काला विचारून येत नाही. ती उपयोगीही आहे, कारण विष्ठेपासून लांब राहणारी माणसं पटकी आणि हगवणीतून वाचली. म्हणून ‘त्यात लाजायचं काय’ असं वरच्या पट्टीत सांगून ती जाणार नाही. हात लागणार नाही, वास येणार नाही, कुणी पाहणार नाही अशी सोय केली की ती आपोआप आवरते.

आपल्याकडे मात्र किळशीला आणखी एक पदर आहे आणि त्याबद्दल आरोग्यावरच्या लेखांत सहसा लिहिलं जात नाही. विष्ठा कुणी उचलायची हे आपल्या समाजाने जातीवर ठरवून टाकलं होतं. शेणाने अंगण सारवायला ज्या हातांना काही वाटत नसे, त्याच हातांना घरातलं मैल्याचं टोपलं विटाळ वाटायचं. कोकणातले गांधीवादी कार्यकर्ते आप्पा पटवर्धन यांनी १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम करू द्या म्हणून उपोषण केलं आणि गांधीजींनी त्यांच्या पाठिंब्यासाठी तसंच पाऊल उचललं. पुढे कणकवलीजवळ गोपुरीला आप्पांनी सोनखताचे संडास उभे केले, तेही या कामाला चिकटलेला विटाळ जावा म्हणूनच. हाताने मैला उचलण्याची प्रथा संपवायला स्वतंत्र भारताला १९९३ मध्ये आणि पुन्हा २०१३ मध्ये कायदा करावा लागला. अशा समाजात ‘तुमची तुम्ही डबीत भरून आणा’ हे सांगणं फक्त स्वच्छतेशी संबंधित राहत नाही. ‘हे काम माझं नाही’ ही पिढ्यांची समजूत त्यात आडवी येते, आणि ती सहसा कुणी बोलून दाखवत नाही.

मजेची गोष्ट म्हणजे आपल्या वैद्यांना या विषयाचं वावडं कधीच नव्हतं. नाडी, मूत्र, मल, जिव्हा अशी अष्टविध परीक्षा सांगितली आहे आणि त्यात मल तिसऱ्या जागी येतो. पाण्यात बुडतो की तरंगतो, एवढ्या बारकाईने तो बघायचा. घरातही ‘पोट साफ झालं का?’ हा प्रश्न आजी नातवाला जेवताना विचारते. म्हणजे बोलायला लाज नाही. द्यायला, न्यायला आणि परक्याच्या हाती सोपवायला आहे. आधुनिक संशोधनही त्या वैद्यांच्या चौकशीपासून फार लांब गेलेलं नाही. मलाचे आकार आणि घट्टपणा पाहून सात प्रकार पाडणारा तक्ता ब्रिस्टलच्या डॉक्टरांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केला. २०१६ मध्ये बेल्जियममधल्या हजारावर लोकांचे नमुने तपासले, तेव्हा जिवाणूंच्या मिश्रणातला माणसामाणसातला फरक इतर कुठल्याही एका माहितीपेक्षा या तक्त्यावरच्या आकड्याशी जास्त जुळला.

आपला संडास आणि त्यांचं किट

परदेशी बनावटीच्या किटमध्ये बहुतेक वेळा कागदाची एक झोळी असते. ती कमोडच्या सीटला दोन्ही बाजूंनी चिकटवायची, म्हणजे शौच पाण्यात न पडता झोळीत पडतं. सोय उत्तम आहे, पण आपल्या उकिडवं बसायच्या भांड्याला सीटच नसते, मग ती झोळी चिकटवायची कशाला? माहितीपत्रकावर चित्र असतं तेही कमोडचंच.

बरं, ज्यांच्या घरात संडासच नाही त्यांचं काय? मुंबईतल्या चाळीत किंवा वस्तीत सकाळी सामायिक संडासासमोर रांग असते. आत जास्त वेळ घेतला की बाहेरून दारावर थाप पडते. तिथे एका हातात टमरेल आणि दुसऱ्या हातात डबी घेऊन जाणाऱ्या बाईकडे रांगेतल्या प्रत्येकाचं लक्ष जातं. आत खुंटी नाही, कोरडी जागा नाही, उजेड असेलच असं नाही. गावात ओढ्याकडे जाणाऱ्या म्हाताऱ्याला तर उलट हे काम सोपं आहे, कारण पाण्यात पडायचा प्रश्नच नाही. त्याची अडचण तिथून पुढे, डबी तालुक्याला वेळेत पोचवण्यात.

भारतीय पद्धतीच्या संडासात नमुना घ्यायचा तर सोपा उपाय आहे. आधी लघवी करून घ्यावी. मग भांड्यावर मागच्या बाजूला जुनं वर्तमानपत्र दोन-तीन पदरी अंथरावं किंवा कागदी प्लेट ठेवावी. डबीच्या झाकणाला आतून चमचा असतो, त्याने दोन-तीन ठिकाणचं थोडं थोडं घ्यावं. शेम किंवा रक्त दिसत असेल तर तो भाग आवर्जून घ्यावा. डबी ओतप्रोत भरू नये, सुपारीएवढं बहुतेक तपासण्यांना पुरतं. उरलेलं भांड्यात ढकलून कागद वेगळ्या पिशवीत बांधून कचऱ्यात टाकावा. पाणी, फिनेल किंवा अ‍ॅसिड लागलेला नमुना वाया जातो. डबीवर नाव, तारीख, वेळ, आणि साबणाने हात. लॅबच्या भिंतीवर एवढं मराठीत चित्रासकट लावलं तर निम्मी डोकेदुखी कमी होईल. मी तरी ते क्वचितच पाहिलं आहे.

लवकर आणून द्या असं का सांगतात, तेही लोकांना सांगायला हवं. शौच डबीत गेल्यावरही त्यातले जिवाणू जिवंत असतात. उन्हाळ्यात ओट्यावर राहिलेलं इडलीचं पीठ जसं सकाळपर्यंत फुगून वर येतं, तसंच इथेही चालू राहतं. आतड्यात प्राणवायू नसतो, म्हणून तिथले पुष्कळ जिवाणू हवा लागताच मरायला लागतात, तर हवेत तग धरणारे दुसरे फोफावतात. दुपारी डबी उघडली तर सकाळी पोटात काय होतं त्याऐवजी डबीत काय वाढलं त्याचा अहवाल मिळतो. म्हणून संशोधनातले नमुने शेवटी उणे ८० अंशांवर ठेवतात आणि तोवर बर्फात किंवा जिवाणूंना आहे तिथेच थोपवणाऱ्या द्रावणात.

‘तोवर घरच्या फ्रीजमध्ये ठेवा’ अशी सूचना असली की आपल्याकडे बरंच अडतं. ज्या फ्रीजमध्ये नैवेद्याचं दूध आहे, एकादशीची साबुदाण्याची खिचडी आहे, तिथे ही डबी? तीन पिशव्यांत बांधली तरी सासूबाई ठेवू देणार नाहीत, आणि सूनबाई विचारायला धजणार नाहीत. यावर वाद घालण्यात अर्थ नाही. साध्या तापमानाला टिकणारं द्रावण असलेली डबी दिली की हा प्रश्नच उरत नाही. अशा डब्या मिळतात, फक्त महाग पडतात. खर्च संशोधकाने करायचा की अवघडलेपण पेशंटने सोसायचं, असा तो सरळ सवाल आहे.

पोलिओच्या वेळी लोकांनी दिलंच की

भारतातले लोक शौचाचा नमुना द्यायला राजी नसतात, असं कुणी म्हणालं तर पोलिओची आठवण करून द्यावी. पंधरा वर्षांखालच्या कुठल्याही मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला, की चौदा दिवसांच्या आत, किमान चोवीस तासांच्या अंतराने, शौचाचे दोन नमुने घ्यायचे असा नियम होता आणि आहे. प्रत्येक नमुना मोठ्या माणसाच्या अंगठ्याच्या पेराएवढा. बर्फाच्या पेटीतून तो मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत जायचा. त्यातली एक आघाडीची प्रयोगशाळा म्हणजे आपल्या परळची, हाफकिनच्या आवारातली तेव्हाची एंटेरोव्हायरस रिसर्च सेंटर. कमीत कमी ८० टक्के मुलांचे दोन्ही नमुने वेळेत आणि सुस्थितीत मिळायला हवेत, हे जागतिक आरोग्य संघटनेचं लक्ष्य भारताने वर्षानुवर्षं पार केलं. नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात सापडला आणि २७ मार्च २०१४ रोजी देश पोलिओमुक्त जाहीर झाला. ‘आता विषाणू नाही’ हे छातीठोकपणे सांगता आलं, कारण हजारो घरांनी ती डबी भरून दिली होती.

ही घरं इंग्लंडच्या पत्र मिळालेल्या लोकांपेक्षा जास्त शिकलेली होती असं नाही. फरक वेगळा होता. इथे पोराचा पाय लुळा पडला होता, म्हणजे कारण डोळ्यांसमोर होतं. आणि पत्राऐवजी माणूस आला होता. तो डबी घेऊन यायचा, कशी भरायची ते त्या आईच्या बोलीत सांगायचा, पोराला झाली नाही तर दुसऱ्या दिवशी परत यायचा आणि पेटी स्वतः घेऊन जायचा. घरच्यांना काउंटरवर उभं राहावं लागत नव्हतं.

न देणाऱ्यांचं पोट अंधारात राहतं

एखाद्या अभ्यासात थोडे लोक कमी आले तर बिघडलं कुठे, असं वाटू शकतं. बिघडतं, कारण जे येतात ते आणि जे येत नाहीत ते सारखे नसतात. पोटाच्या जुन्या दुखण्याने गांजलेला माणूस डॉक्टरांपुढे शौचाचं वर्णन करून करून सरावलेला असतो. आपल्यामुळे उद्या कुणाला औषध मिळेल असंही त्याला वाटतं, त्यामुळे तो नमुना देतो. तुलनेसाठी निरोगी माणूस लागतो, आणि तो म्हणतो ‘मला काय धाड भरलीय?’ ज्याला बद्धकोष्ठ आहे त्याला सांगितलेल्या दिवशी, सांगितलेल्या वेळी होतच नाही. ज्याला जुलाब आहेत त्याला कागद अंथरायलाही फुरसत मिळत नाही. संशोधनाला ज्यांची सर्वांत जास्त गरज, तेच गळतात.

इंग्लंडच्या त्या ५८ हजार पत्रांच्या अभ्यासात हे चिवट जिवाणू दक्षिण आशियात जन्मलेल्या किंवा तिकडे प्रवास करून आलेल्या लोकांत जास्त आढळले. आणि ब्रिटनमध्ये स्थायिक झालेले आपल्याकडचे लोक घरपोच आलेली कर्करोगाची चाचणी गोऱ्या शेजाऱ्यांपेक्षा कमी प्रमाणात करून पाठवतात, असं तिथल्या अभ्यासांत अनेकदा दिसलं आहे. लंडन, लेस्टरला कुणी मामा-मावशी असतील आणि त्यांच्याकडे ते पाकीट न उघडता पडलं असेल, तर फोनवर एकदा विषय काढायला हरकत नाही.

जगाचा हिशेब तर फारच एका बाजूला झुकलेला आहे. माणसांवरच्या जिवाणूंचे जगभर खुले केलेले सुमारे साडेचार लाख नमुने २०२२ मध्ये काही संशोधकांनी देशवार लावून पाहिले. कुठून आले हे ठाऊक असलेल्या नमुन्यांपैकी ७१ टक्क्यांहून अधिक युरोप, अमेरिका आणि कॅनडातले निघाले. एकट्या अमेरिकेचा वाटा जवळजवळ ४७ टक्के, आणि तिची लोकसंख्या जगाच्या साडेचार टक्केसुद्धा नाही. आपलं आतडं मात्र त्यांच्यासारखं नाही. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रातल्या संशोधकांनी दिल्ली आणि पुण्यातल्या निरोगी लोकांचे नमुने तपासले, तेव्हा प्रिव्होटेला आणि मेगास्फेरा हे जिवाणू ठळकपणे जास्त दिसले. २०१९ मध्ये भोपाळ आणि केरळमधल्या ११० जणांची तुलना झाली, तर देशातल्या देशातच खाण्याप्रमाणे चित्र बदलत असल्याचं आढळलं. ज्वारी-बाजरी आणि डाळींवर पोसलेल्या पोटात ‘नेहमीचं’ काय असतं हे ठाऊक नसताना बिघाड ओळखायचा कशावरून? कॅलिफोर्नियातल्या पोटाच्या मापाने सांगलीच्या पोटाला नावं ठेवण्यात काही मतलब नाही.

पैसे दिले तर?

शौचाचं ‘दान’ही असतं, हे अनेकांना नवीन वाटेल. क्लॉस्ट्रिडिओइड्स डिफिसिल नावाचा जिवाणू अँटिबायोटिकनंतर काही रुग्णांच्या आतड्यात माजतो आणि पुन्हा पुन्हा जुलाब लावतो. २०१३ मध्ये नेदरलँड्समधल्या एका चाचणीत निरोगी माणसाचं शौच गाळून अशा रुग्णांच्या आतड्यात सोडलं. १६ पैकी १३ जण पहिल्याच वेळी बरे झाले. नेहमीच्या औषधाने १३ पैकी ४. अमेरिकेत २०१२ मध्येच ओपनबायोम नावाची शौचाची पेढी निघाली होती. ती दात्याला दर नमुन्यामागे ४० डॉलर देत असे आणि एवढ्या कडक तपासण्या लावत असे, की इच्छुकांपैकी शंभरात तीनही जण पार होत नसत. ती काटेकोरी गरजेची आहे. २०१९ मध्ये एका अभ्यासात पुरेशी तपासणी न झालेल्या शौचातून औषधांना न जुमानणारा ई. कोलाय गेला आणि एक रुग्ण दगावला.

कॅनडा, अमेरिका आणि इंग्लंडमधल्या ८०२ जणांना दाते व्हाल का असं विचारलं, तेव्हा पैसा हे एक कारण निघालंच. पण दुसऱ्याच्या उपयोगी पडणं हेही होतं, आणि ‘माझ्या नमुन्याचं पुढे काय झालं ते मला कळवा’ ही अपेक्षाही होती. अडथळे कोणते? पुन्हा तेच. गोळा करण्याची आणि नेऊन देण्याची कटकट, आणि किळस. भारतात संशोधनात भाग घेतल्याबद्दल प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी देता येते, आमिष वाटेल एवढी रक्कम देता येत नाही. निरोप देण्याला मात्र कुणाची आडकाठी नाही. ‘तुमचा नमुना पोचला, चांगला होता’ असा साधा मेसेजही आपल्याकडे कुणाला आल्याचं माझ्या ऐकण्यात नाही.

सही करण्याआधी

एक शंका लोक बोलून दाखवत नाहीत, पण ती रास्त आहे: यावरून मला ओळखता येईल का? काही अंशी, हो. २०१५ मध्ये एका अमेरिकी अभ्यासाने दाखवलं की आतड्यातल्या जिवाणूंच्या ठेवणीवरून ८० टक्क्यांहून अधिक लोक वर्षभरानंतरही वेगळे ओळखू येतात. शिवाय शौचात आपल्या स्वतःच्या पेशींचा डीएनए थोडा का होईना असतोच. त्यामुळे ‘ही तर टाकाऊ वस्तू, हिची कसली संमती’ असं कुणी म्हणत असेल तर ते चूक आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे अभ्यासाला नीतिसमितीची मंजुरी लागते, माहितीपत्रक तुम्हाला समजणाऱ्या भाषेत द्यावं लागतं आणि मधूनच बाहेर पडण्याचा तुमचा हक्क असतो. तुम्ही नकार दिला म्हणून तुमच्या उपचारात कुचराई करता येत नाही. ज्या डॉक्टरांकडे उपचार चालू आहेत त्यांनीच संशोधनासाठी विचारलं, तर नाही म्हणायला जीभ रेटत नाही, म्हणून हे आधीच माहीत असलेलं बरं.

उरलेला नमुना किती वर्षं ठेवणार, दुसऱ्या कुठल्या अभ्यासाला देणार का, देशाबाहेर जाणार का, हे विचारावं. मला अहवाल मिळेल का, हेही. संशोधनात तो बहुतेक वेळा मिळत नाही, आणि जिवाणूंची नुसती यादी हाती आली तरी तिच्यावरून आज फारसं काही ठरवता येत नाही. ऑनलाइन पैसे घेऊन ‘तुमच्या पोटाचा स्कोअर’ सांगणाऱ्या चाचण्या निघाल्या आहेत. डॉक्टरांनी सुचवल्याशिवाय लोकांनी परस्पर त्या करून घेऊ नयेत, असं या क्षेत्रातल्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या गटाने एकमताने म्हटलं आहे. आणि एखाद्या अभ्यासात अहवाल मिळणार असेलच, तर तो कुणाच्या हाती येणार, तुमच्या, तुमच्या डॉक्टरांच्या की घरच्या पत्त्यावर टपालाने, हे नक्की करून घ्या. एकत्र कुटुंबात पाकीट फोडणारा पहिला माणूस सहसा तो नसतो, ज्याचं नाव पाकिटावर असतं.